तेल तेच, वेळ बदला

प्रश्न : दिवाळी झाली की माझं अंग उलायला लागतं. पोटरीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. सासूबाई म्हणतात, करडईचं तेल चोळ. रोज रात्री चोळते, पण सकाळी पुन्हा तेच. कॉलेजात जाणारी लेक म्हणते, तेल सोड, लोशन आण. तिचे केस मात्र खोबरेल लावूनही केरसुणीसारखे झालेत. पाणी बोअरचं आहे.
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, सासूबाईंचं तेल बरोबर आहे, तुमची वेळ चुकतेय. तेलात पाण्याचा थेंब नसतो. ते अंगाला ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही, एवढंच. रात्री कोरड्या ठाक पायावर चोळलं तर ते धरून काय ठेवणार? अंघोळीनंतर टॉवेलानं नुसतं टिपा आणि अंग दमट असतानाच चमचाभर तेल पायापासून वर लावत जा. वर जुनं पातळ गुंडाळून दहा मिनिटं बसा. करडईचा डाग चांगल्या साडीवरून निघत नाही, हे मी पैठणी घालवून शिकले.

माझं माहेर घाणेवाल्यांचं, म्हणून करडईबद्दल जरा जास्त बोलते. नेहमीच्या करडईच्या तेलात 70 टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं, आणि कातडीचा वरचा थर शाबूत राहायला तेच लागतं. पण त्याच आम्लामुळं हे तेल लवकर खवट होतं. तेव्हा डबा भरून आणू नका, पावशेर आणा. घाण्यावरचं ताजं तेल गढूळ दिसतं. दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, गाळ बसला की वरचं निवळ रंगीत बाटलीत ओता. लावण्याआधी तळहातावर घासून हुंगा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर दिव्याला वापरा.

लेकीचंही अगदी खोटं नाही. लोशनमध्ये पाणी आणि तेल दोन्ही असतं, म्हणून ते रात्री कोरड्या अंगावरही चालतं. फक्त बिनवासाचं घ्या.

केसांचं गणित वेगळं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. म्हणून ते धुण्याच्या आदल्या रात्री लावायचं, केसाच्या टोकांना जास्त. धुतल्यावर लावलेलं नुसतं चोपडं दिसतं. आपल्याकडच्या थंडीत बाटली थिजते (24 अंशांच्या खाली खोबरेल गोठतंच), तर गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा, गॅसवर नको.

खरी खोड बोअरच्या पाण्याची असावी. तुमच्या हीटरच्या रॉडवर पांढरं कवच चढतं का बघा. ते क्षार साबणाशी मिळून केसावर चिकट थर धरतात. डोक्याला साबण बंद, शाम्पू वापरा, आणि शेवटचे दोन तांबे प्यायच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्या. पाणी फार कढत नको.

आणि लेकीच्या डोक्यात कोंडा असेल तर तेल थांबवा. माझ्या लेकीला मी दोन महिने चंपी करत बसले आणि कोंडा वाढतच गेला. त्यातली बुरशी तेलावरच पोसते, हे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. औषधी शाम्पूनं तीन आठवड्यांत उतरला. अंग लाल होऊन खाजत असेल तर तुम्हीही आधी त्यांनाच दाखवा.