सही बांधावर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि तुझा चहा अर्धाच राहिला. एवढा पाऊस अंगावर घेत ऐरोलीहून दादरला आलीस, शेतातून जाणाऱ्या पाइपलाइनच्या नोटिशीचा फोल्डर ओढणीत गुंडाळून कोरडा ठेवलास आणि मी मात्र तुझ्यावर खेकसलो. का खेकसलो ते सांगतो. माफी मागणारं हे पत्र नाही.

दीड तासात तू तीनदा विचारलंस, ‘काका, किती मिळतील?’ पाइपलाइन कुठून जाणार, हे एकदाही विचारलं नाहीस. नकाशा तुझ्याच मांडीवर होता. त्यावरची ती लाल रेघ तुमच्या पावणेदोन एकराच्या पोटातून जाते, आणि तू गुंठ्याचा दर विचारत होतीस. तुझा बाप असता तर त्याने आधी नकाशा उलटासुलटा करून आंबा कुठे आणि विहीर कुठे ते शोधलं असतं. चाळीत दर दिवाळीला त्याच माणसाने गावच्या जाड्या तांदळाची पिशवी आमच्या दारात ठेवली. त्यातलाच तांदूळ खाऊन मी तुला हे लिहितो आहे असं समज.

पहिली गोष्ट, जमीन जात नाही. गावचे तुझे काका फोनवर ‘जमीन गेलीच आहे, निदान पैसे तरी घेऊ’ म्हणतात, ते चूक आहे. तुला आलेला कागद १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याखालचा आहे. त्यात मालकी तुमचीच राहते आणि जमिनीखालून नळ नेण्याचा वापरहक्क तेवढा घेतला जातो. सातबाऱ्यावर मालकाचं नाव राहतं, इतर हक्कात बोजा चढतो. म्हणूनच शेजारच्या गावात महामार्गात गेलेल्या जमिनीला मिळालेले आकडे तुझ्या कामाचे नाहीत. तो भूसंपादनाचा हिशोब आहे. इथे वापरहक्काबद्दल मिळतात ते नळ जातो तेवढ्या पट्ट्याच्या बाजारभावाचे १० टक्के. पिकाचं, झाडांचं आणि बाकीच्या नुकसानीचं त्याहून वेगळं. हे १० टक्के कमी आहेत असं मलाही वाटतं. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला आहे. त्यावर डोकं आपटण्यात तुझे दिवस घालवू नकोस.

दिवस किती आहेत ते मोजलेस का? अधिसूचनेपासून हरकतीला २१ दिवस. त्यातले आठ तुझ्या काकांच्या खिशात गेले. उरले तेरा, त्यात दोन रविवार.

हिशोब एकदाच मांडतो, म्हणजे पैशाचा विषय संपेल. पट्टा १८ मीटर रुंद आहे आणि तुमच्या शेतातून साधारण १२० मीटर जातो. म्हणजे २१६० चौरस मीटर, २१ गुंठ्यांच्या थोडं वर. गुंठा १ लाखाचा धरला तर वापरहक्काचे २ लाखांच्या आसपास होतात. भाव धरतात तो पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा. तेव्हा दुय्यम निबंधकाकडून आसपासच्या खरेदीखतांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, काढून ठेव. मुरबाडकडे फार्महाऊसवाल्यांनी काय भावाने घेतलंय ते त्यात दिसेल. (खतात लिहिलेला भाव आणि खरा भाव यांतलं अंतर सगळ्या जगाला माहीत आहे. त्याचा फटका शेवटी असा तुझ्यासारख्यांना बसतो.) सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याने, ठरवलेली रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, आणि भावाबद्दल त्यांचा निर्णय अंतिम. झालं. पैशाचं एवढंच.

आता त्या २१ गुंठ्यांवर पुढे काय करता येणार नाही ते वाच. घर किंवा कसलंही बांधकाम नाही. विहीर, तळं, टाकी खणायची नाही. झाड लावायचं नाही. भात लावा, नाचणी लावा, पूर्वी जे करत होता ते करा. हे निर्बंध तुझ्यावर, तुझ्या मुलांवर, आणि उद्या जमीन विकलीस तर घेणाऱ्यावरही. तुझा धाकटा भाऊ गावी घर बांधायचं म्हणतो ना? नकाशात बघ, रस्त्यालगतची जी एकच उंच जागा आहे तिच्यावरूनच रेघ गेली आहे. तीच रेघ वीस मीटर उत्तरेला, बांधालगत सरकली तर घराची जागा वाचते, विहिरीला जागा राहते, आणि कंपनीला नळ तेवढाच लागतो. ‘पाइपलाइन नको’ अशी हरकत कोणी वाचत नाही. ‘उत्तरेच्या बांधालगत घ्या, कारण असं असं आहे, सोबत नकाशा जोडला आहे’ अशी हरकत निदान वाचावी लागते. सुनावणी मागण्याचा तुला हक्क आहे, स्वतः जा नाहीतर वकील ने. आणि राहत्या घराच्या किंवा पक्क्या बांधकामाच्या जागेखालून, घराच्या अंगणा-परसाखालून त्यांना नळ नेताच येत नाही. १ मीटरपेक्षा उथळही टाकता येत नाही. तुमचा जुना पडका वाडगा कशात मोडतो ते मी सांगू शकत नाही. त्याचे फोटो मात्र काढून ठेव.

पण यातलं काहीही घरात बसून करू नकोस. पंचनामा असो, संमती असो, साधी पोच असो, सही बांधावर. शेतात उभं राहून, डोळ्यांनी बघून, मगच. काका म्हणतात व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, तू प्रिंट काढ आणि सही करून पाठव. नाही. सही बांधावर.

आता माझं ऐक. तुझ्या बापाने तुला कधी सांगितलं नसेल, कारण मीच त्याला सांगू दिलं नाही.

आमच्या गावातून अशीच लाइन गेली तेव्हा मी बॅलार्ड पिअरला एका शिपिंग कचेरीत कारकून होतो. धाकटा भाऊ गावी शेती करायचा. पंचनाम्याचा कागद घेऊन एक माणूस थेट माझ्या कचेरीत आला, जेवणाच्या सुट्टीत. भावाने त्याला सांगितलं होतं, ‘मुंबईचा दादा शिकलेला आहे, तो वाचून सही करेल.’ शिकलेल्या दादाने डबा बाजूला सरकवला, तीन ठिकाणी सह्या केल्या आणि भाजी गार झाली म्हणून कुरकुरला. कागदात ‘आंबा, नग १’ असं लिहिलेलं होतं. आमचे आंबे तीन होते, एक फणस, आणि ओढ्याकडेला बांबूचं बेट. त्यातला एक आंबा आजोबांनी लावलेला. मी वाचलं, आणि मला काही खटकलं नाही, कारण त्या टेबलावर मला आंबा दिसतच नव्हता. टिफिन दिसत होता.

नंतर कचेऱ्यांत खेटे घातले. प्रत्येक जण तोच कागद उलटा करून माझ्याच सहीवर बोट ठेवायचा. कोणावर चिडणार?

झाडांचं सोड. मोठं नुकसान कागदावर कधी आलंच नाही. भाताचं खाचर पाणी का धरतं ठाऊक आहे का तुला? वर्षानुवर्षं चिखलणी करून मातीखाली एक घट्ट थर बसतो, त्याच्यावर पाणी उभं राहतं. चर खणला की तो थर फुटतो. वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र उपसून तसाच परत ढकलला की झालं. आमच्या दोन खाचरांत पुढे सात वर्षं पाणी ठरलं नाही. भरपाई मिळाली उभ्या पिकाची, दोन हंगामांची. भाऊ भर पावसात बांध लिंपत फिरायचा आणि मी मुंबईहून त्याला पोस्टकार्डं लिहायचो.

तुला वाटेल, रजा काढून का नाही गेलास? वर्षाच्या दोनच रजा उरल्या होत्या आणि घरात दहावीची परीक्षा होती. गावात सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर भावाला तरी काय घाई होती माझ्याकडे कागद पाठवायची? तो शेतात होता, त्याला झाडं मोजता येत होती. हे मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. अजूनही आम्ही लग्नकार्यापुरते बोलतो. बरं, हे कशाला लिहीत बसलो. खोडत नाही, राहू दे.

नंतर एकदा त्या लाइनची दुरुस्ती निघाली, जानेवारीत, शेतात वाल उभा असताना. मी तेव्हा निवृत्त होतो. पहिल्या दिवसापासून बांधावर खुर्ची टाकून बसलो. वही, टेप, फोनवर फोटो. वरची माती वेगळी, खालची वेगळी टाकायला लावली. मुकादम म्हणाला, आजोबा, ऊन लागेल. म्हटलं, लागू दे. पंचनामा तिथेच केला, वालाच्या ओळी मोजून, आणि एक आकडा खोडून दुरुस्त करायला लावला. तपासणीला किंवा दुरुस्तीला आले तरी झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते, हा त्याच कायद्याचा भाग आहे. गावातले म्हणाले म्हातारा सटकला. म्हणेनात का. ते खाचर पुढच्याच पावसात भरलं.

म्हणून वरची माती वेगळी ठेवणं, खाचराचा तळ चोपून परत बसवणं, बांध होता तसा घालणं, नळाची जागा दाखवणारे मार्करचे खांब बांधावर, शेताच्या मध्यात नाही, आणि यंत्रं कुठल्या वाटेने येणार ते, या सगळ्याचा कागद खोदाईआधी लिहून घे. तोंडी ‘हो हो मॅडम’ चालणार नाही. साहेब लोक बदलतात, ठेकेदार तर महिन्याला बदलतो. झाडं मोजताना नुसते नग लिहू देऊ नकोस, जात लिही आणि छातीच्या उंचीवर घेर मोज. हातात टेप घेऊन, झाडापाशी उभं राहून. कंटाळलीस का तेच तेच ऐकून? कंटाळ.

दोन गोष्टी राहिल्या. सातबाऱ्यावर अजून तुझ्या बापाचं नाव आहे. जाऊन तीन वर्षं झाली आणि तुम्ही वारस नोंद केली नाहीत. सुशिक्षित म्हणवता! आई, तू आणि भाऊ, तिघांची नावं लावायला तलाठ्याकडे अर्ज या आठवड्यातच जायला हवा. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, ‘ती मुंबईची, तिचं नाव कशाला’ असं कोणी म्हणालं तर तिथेच बोल. नावं नसली तर पैसे अडकतात, कारण ज्याचं नाव आहे तो आता नाही.

दुसरं, भात लावतं कोण? तुझे काका नाहीत. ओढ्यापलीकडचं ते कातकरी कुटुंब अर्धेलीने लावतं. उभ्या पिकाच्या भरपाईत त्यांचा वाटा आहे. पंचनाम्याच्या वेळी त्या माणसालाही बांधावर बोलाव, त्याच्यासमोर आकडा लिही. यावर मला काही ऐकायचं नाही.

काकांशी भांडू नकोस. तेही घाबरलेले आहेत आणि त्यांच्यामागे रोज कोणीतरी मोटारसायकलवर येतंय. त्यांना बरोबर घे, त्यांनाही टेपचं दुसरं टोक धरू दे.

मी राहतो त्या मुंबईत पाण्याचे नळ १८९२ पासून तानसाहून येतात, ठाणे जिल्ह्याच्या शेतांमधून, माळांमधून. आता गॅसचे, तेलाचे येतील. मुंबईला ते लागणारच, मीही त्याच शहराची बिलं भरतो. म्हणून आडवं पड असं मी तुला म्हणत नाही. रेघ सरकव म्हणतो.

शनिवारी सकाळची पहिली मुरबाड एसटी कल्याणहून धरायची. मी येतो. गुडघ्याचं नाव काढू नकोस, दोन पट्टे बांधीन. नकाशाची मोठी प्रत, पन्नास मीटरचा टेप, सातबारा, फेरफार, बापाचा मृत्यूदाखला, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घाल, पाऊस थांबणार नाही. हरकतीचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे, तिथे बसून तारखा भरू. तुझ्या काकांकडे एक घडीची खुर्ची असेल तर आधी फोन करून विचार.

आणि पेनं दोन आण.

तुझा,
दादरचा काका