खांब तेच, पूल नवा

प्रश्न : पाटण्याचा गंगेवरचा महात्मा गांधी सेतू १९८२चा. चाळिशीच्या आतच त्याचा वरचा भाग काढून पोलादी का बसवावा लागला? आणि जुने खांब कसे चालले? आपल्या उड्डाणपुलांवर गाडी धडधडते, ते त्याच दुखण्याचं लक्षण का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दुखणं खांबांत नव्हतंच, गाळ्यांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांच्या, मधोमध होतं. साडेपाच किलोमीटरहून लांब असलेल्या या पुलाचे बहुतेक गाळे सुमारे १२१ मीटरचे. प्रत्येक खांबावरून दोन्हीकडे साठेक मीटरचे काँक्रीटचे हात काढले आणि समोरासमोरची टोकं बिजागरीने जोडली. नदीत टेकू लावावे लागत नाहीत, ही या पद्धतीची मोठी सोय.

पण काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत राहतं. काँक्रीट आवळून धरणाऱ्या आतल्या पोलादी केबलींचा ताणही उतरतो. गाळा सलग असता तर भार वाटला गेला असता. इथे सगळा बाक बिजागरीपाशी. तिथे रस्ता खचला की ट्रक आदळतो, बेअरिंग (भार पेलून हालचाल होऊ देणारा आधार) झिजतं, पुढचा ट्रक आणखी जोरात आदळतो. असा खळगा डांबराने भरणं म्हणजे आगीत तेल : पाच सेंटीमीटरचा थर दर चौरस मीटरला शंभर किलोंहून जास्त भरतो, तोही नेमका हाताच्या टोकावर.

पोलादाला हे वाकत जाणं नाही आणि वजनही बरंच कमी. म्हणून जुन्याच खांबांवर पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीचे सांगाडे, बसले. एका बाजूने वाहतूक चालू ठेवून दुसरी बदलली. पश्चिमेची बाजू २०२०मध्ये, पूर्वेची २०२२मध्ये खुली झाली. उद्घाटनं आपले खासदार नितीन गडकरी यांनीच केली. आता रंग आणि गंज यांकडे मात्र कायम लक्ष हवं.

आपल्याकडची धडधड बहुधा वेगळी, एक्सपान्शन जॉइंटची, म्हणजे पुलाच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीची. ४० मीटरचा काँक्रीट गर्डर (रस्ता पेलणारी तुळई) ३५ अंश तापला की सुमारे १७ मिलिमीटर लांबतो. ती फट मोकळीच हवी. तिच्यात खडी-माती दाटली की रबरी पट्टी फाटते आणि पावसाचं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर उतरतं. खांबाच्या माथ्यावर काळे ओघळ दिसतात ते त्याचेच. नुसती धडधड म्हणजे जॉइंटलगतचं डांबर बसलेलं. लोखंडी पट्टी खणखणत असेल तर ती सुटत आली आहे, दुचाकीवाल्यांनी विशेष जपावं. तक्रार करताना ‘पुलावर’ एवढंच लिहू नका. खालच्या खांबाचा नंबर आणि कोणत्या दिशेची लेन, हे कळवा.