शिपायाला म्हातारी का सापडली नाही?

प्रश्न : श्रावणी सोमवारी मी खुलभर दुधाची कहाणी वाचते. यंदा नात शेजारी बसली होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आजी, राजाला शिक्षा का नाही झाली?" सून म्हणते ही भक्तीची गोष्ट, शिक्षा कशाला हवी? मुलगा म्हणतो, ही राजाच्या हुकुमाविरुद्धची गोष्ट आहे. खरा अर्थ कोणता? – एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, कहाणी पुन्हा उघडा आणि या वेळी अर्थ बाजूला ठेवून एवढंच बघा, की कोणती गोष्ट कुणाला कधी कळते.

ज्यांना कहाणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. प्रधान युक्ती सांगतो, दवंडी पिटते : घरातलं सगळं दूध सोमवारी देवळात आणा. धाकापोटी लोक वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत. गावचं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते, उरलेलं खुलभर, म्हणजे जेमतेम वाटीभर, दूध वाहते, आणि तिची पाठ वळताच गाभारा भरून येतो.

आता बारकावा. म्हातारी देवळात पोचण्याआधी कहाणी तिच्या घरात शिरते. तिनं कामकाज आटोपलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारलं. एवढ्याशा कहाणीत ही यादी कशाला? कारण चमत्काराचं उत्तर तिथंच ठेवलंय, आणि तेही चमत्कार घडायच्या आधी. ऐकणारीला सगळं माहीत. राजा मात्र अंधारात. पुढची सगळी गंमत या फरकावर चालते. हीच यादी शेवटी टाकली असती तर ती निव्वळ खुलासा झाली असती.

मग शोध सुरू होतो. पहिल्या सोमवारी भरलेला गाभारा गुरव पाहतो. दुसऱ्या सोमवारी राजा शिपाई बसवतो, तरी पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः येऊन बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. शिपायाला ती का सापडली नाही? कहाणी सांगत नाही. मी वर्गात हा प्रश्न दरवर्षी टाकायचे. पाठ्यपुस्तकात ही कहाणी नव्हती, तरीही. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, तो हंडे बघत बसला असेल, वाटीकडं कोण बघतंय!" हे कहाणीत कुठंही लिहिलेलं नाही, पण कहाणीतल्या एकाही गोष्टीला ते आडवं जात नाही. अर्थ लावणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच : रिकामी जागा भरायची, पण आजूबाजूचं न मोडता.

या कसोटीवर तुमच्या घरच्या दोघांना घासू. सूनबाई 'भक्ती' म्हणतात तेव्हा ती घरकामाची यादी वाया जाते. निव्वळ भाव पुरला असता तर म्हातारी सकाळी उठून थेट देवळात गेली असती. चिरंजीव 'हुकुमाविरुद्ध' म्हणतात, ते जास्त जवळचं. वासरं-पोरं तळमळली, हे देवाला आवडत नाही, असं म्हातारी राजाच्या तोंडावर सांगते. पण कधी? पकडली गेल्यावर, घाबरून, राजानं अभय दिल्यावर. आधीचे दोन्ही सोमवार ती चकार शब्द न काढता घरच्यांना पाजून मगच येत होती. बंडखोर म्हणायचं तर तिला देवळात तरी का आणलं असतं? मला विचाराल तर ही कहाणी राजाला शहाणं करण्याची आहे, आणि नातीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. शिक्षा झाली असती तर दवंडी कायम राहिली असती. इथं राजा विचारतो, यावर युक्ती काय? मुलावासरांना दूध मिळतं, मग देवाला नैवेद्य, आणि गाभारा भरतो.

प्रधानाचं काय झालं, हे मात्र कहाणी सोयीस्करपणे विसरते. युक्ती त्याची, आणि शेवटी त्याचं नावही नाही. नातीला विचारा, तिच्या मते त्याचं काय झालं असेल.

प्रश्न : बहुतेक कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशाच का सुरू होतात? गावाचं नाव का नाही? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नाव दिलं की ऐकणारी विचारणार, देऊळ कुठं, राजा कोण, आणि बघता बघता गोष्ट त्या गावची होणार. बिननावाच्या नगरात प्रत्येक बाई आपलंच देऊळ उभं करते. शेवटही पाहा : देव जसा त्यांना प्रसन्न झाला, तसा तुम्हां-आम्हां होवो. इतका वेळ बाहेर बसून ऐकणारीला हे वाक्य आत ओढतं. तशी ती बाहेर नव्हतीच म्हणा. हातात अक्षता धरून ऐकायची पद्धत आहे.