अर्धं सांगू नकोस

प्रिय पोरा,

रविवारी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगनंतर चहाचे कप विसळताना तू विचारलंस, "काका, दारू सुटली की हेही सुटेल ना?" भर मे महिन्यात तुझ्या बाह्यांची बटणं लावलेली. नळाखाली बाह्या भिजल्या, तरी तू त्या वर सारल्या नाहीस. मी "सुटेल" म्हणालो. खोटं बोललो.

पहिल्यांदा दाखल झालो तेव्हा मी डॉक्टरांना क्वार्टरचा हिशेब दिला, अंगावर स्वतःच केलेल्या जखमांच्या खुणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. दारू थांबली. झोप उडाली, जीव घाबरा व्हायचा, आणि ते दुसरं वाढलं. मग ते नको म्हणून परत गुत्ता. दोन्हींचं काम एकच होतं रे, आतली तगमग तासभर गप्प करायची. त्यात दारू आपल्याला आवरणारं भान आधी काढून घेते आणि उतरताना मन होतं त्याहून खाली नेऊन सोडते. म्हणून म्हणतो, अर्धं सांगू नकोस. अर्ध्या आजारावर अर्धेच उपचार होतात.

आणि मर्दुमकी दाखवत एकट्याने एकदम बंद करू नकोस. रोजच्या पिणाऱ्याला त्यात फिट येऊ शकते. तेही डॉक्टरांनाच विचार.

"पोलीस केस होईल" हे कारण मला पुन्हा ऐकवू नकोस. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायला निघालेल्यालाही तीव्र ताणाखालचा माणूस मानतो, त्याला शिक्षा नको, उपचार द्या म्हणतो. तुला कसली भीती? आईला कळेल याची? मग तसं म्हण.

वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्या पोराने मला हात दाखवला होता. "कुणाला बोलू नका." मी शब्द पाळला. मी स्वतः जेमतेम बारा दिवस कोरडा, कोणत्या तोंडाने सिस्टरला सांगणार होतो? शब्द पाळणं चूक असतं का? इतकी वर्षं मी हेच विचारतोय, पण त्याच्या गावाला जायचं धाडस अजून झालेलं नाही.

तुला तसा शब्द मिळणार नाही. डॉक्टरांना दोन्ही सांगायचं, एकाच बैठकीत. अर्धं नाही.

रात्री जड गेलं तर फोन कर. मी उचलला नाही तर 14416 लाव, टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास चालू असते. गुरुवारी साडेनऊला ओपीडीच्या दाराशी उभा आहे. फुल शर्ट घाल हवा तर. आत गेल्यावर बाह्या वर करायच्या.

तुझा,
काका