पॉडकास्टची पहिली साधने: काय घ्यावे आणि काय पुढे ढकलावे

व्यवसाय सांभाळून आठवड्याला एक भाग प्रसिद्ध करायचा आहे, त्यासाठी मिक्सर (अनेक आवाज एकत्र करून त्यांची पातळी जुळवणारे उपकरण), कंडेन्सर मायक्रोफोन आणि सशुल्क संपादन सॉफ्टवेअर घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या तिन्ही गोष्टी सध्या घेऊ नयेत. निवड करताना मी एकच कसोटी लावतो: आज घेतलेला निर्णय नंतर सहज बदलता येईल का? संपादनाचे सॉफ्टवेअर केव्हाही बदलता येते. परंतु खोलीचा घुमारा एकदा ध्वनिमुद्रणात शिरला की तो पूर्णपणे काढता येत नाही, आणि फीड (ॲप्सना आपले भाग कळवणारी इंटरनेटवरील यादी) दुसऱ्याच्या हाती गेली तर जमवलेला श्रोतावर्गही अडकून पडतो.

म्हणून सुरुवात खोलीपासून करावी. पडदे, गाद्या आणि पुस्तकांची कपाटे असलेली लहान खोली मोकळ्या, चकचकीत बैठकीच्या खोलीपेक्षा कितीतरी चांगली. कंडेन्सर मायक्रोफोन संवेदनशील असतो आणि अशा मोकळ्या खोलीत तो पंखा, रहदारी व भिंतींवरून परतणारा आवाज निष्ठेने टिपतो. त्याऐवजी यूएसबीने थेट संगणकाला जोडता येणारा, कमी संवेदनशील असा डायनॅमिक मायक्रोफोन घ्यावा. सॅमसन क्यू-टू-यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर-2100एक्स यांना यूएसबीबरोबर एक्सएलआर (व्यावसायिक ध्वनी उपकरणांची तीन पिनांची) जोडणीही आहे, त्यामुळे पुढे ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) घेतला तरी मायक्रोफोन तोच चालतो. अनेक प्रसिद्ध कार्यक्रमांत दिसणारा शुअर एसएम-7बी उत्तम आहे यात शंका नाही, पण त्याला सुमारे 60 डेसिबल गेन (आवाजाची वाढ) लागतो, म्हणजे त्याच्यामागे आणखी उपकरणे आलीच. मायक्रोफोन तोंडापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटका बसत नाही. कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन मात्र पहिल्या दिवसापासून हवेत.

संपादनासाठी 2000 सालापासून मोफत उपलब्ध असलेले ऑडॅसिटी पुरेसे आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड. अडखळणे कापणे आणि आवाजाची पातळी सारखी करणे, एवढेच काम असते. पातळीसाठी ॲपलची शिफारस उणे 16 एलकेएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपासची आहे.

पाहुणे दूर असतील, तर कॉलचे ध्वनिमुद्रण वापरू नये, कारण त्यात इंटरनेटच्या चढउताराबरोबर आवाजही फाटतो. रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर यांसारख्या सेवा प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर नोंदवून नंतर वर चढवतात. तेही जमत नसेल, तर पाहुण्यांनी स्वतःच्या फोनवर ध्वनिमुद्रण करून फाइल पाठवावी. आरंभी सर्वांनी एकदा टाळी वाजवली की दोन्ही फाइली जुळवणे सोपे जाते.

होस्टिंगकडे, म्हणजे भागांच्या फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेकडे, नवे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते खरा विचार तिथेच करायला हवा. श्रोत्यांची ॲप्स बहुधा आपली फाइल साठवत नाहीत, ती आपली आरएसएस फीड वाचतात. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले, तेव्हा ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांचे भाग इतर ॲप्सवर पूर्वीसारखेच ऐकता येत होते. त्यामुळे नोंदणीपूर्वी होस्टिंग कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: सेवा सोडताना जुन्या फीडवरून नव्या फीडकडे 301 पुनर्निर्देशन (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणे) मिळते का, सर्व मूळ फाइली उतरवून घेता येतात का, आणि फीडमध्ये मालकीचा ईमेल आपला असतो का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण निर्देशिकांमध्ये (ॲप्सच्या पॉडकास्ट-याद्यांमध्ये) मालकी सिद्ध करताना त्याच ईमेलवर संकेतांक येतो. मोफत योजनांच्या साठवण मर्यादेची फार धास्ती घेऊ नये. नुसत्या बोलण्याचा अर्ध्या तासाचा भाग मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या), 64 केबीपीएस एमपी3 मध्ये सुमारे 14 एमबीचा होतो. मुखचित्र चौरस आणि 1400 ते 3000 पिक्सेलचे असावे.

दोन माणसे एकाच खोलीत नियमितपणे बोलू लागली, की दोन एक्सएलआर जोडण्यांचा इंटरफेस घ्यावा. मिक्सरचा विचार त्याहीनंतर करावा, तोही थेट प्रक्षेपण करायचे असेल तरच.