डेंग्यूमध्ये एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी विकरे, म्हणजे एन्झाइम) वाढले, तर यकृत निकामी होत आहे असे समजावे का?

बहुतेक वेळा नाही. डेंग्यूच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ही विकरे काही प्रमाणात वाढतात आणि ताप उतरल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतात. एसजीओटी स्नायूंमधूनही रक्तात येत असल्यामुळे ते एसजीपीटीपेक्षा जास्त दिसते. कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या आजारात सहसा याच्या उलट असते. मात्र यांपैकी एकही आकडा १००० किंवा त्याहून अधिक झाल्यास, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या वर्गीकरणानुसार तो तीव्र डेंग्यू ठरतो. विषाणू यकृतपेशींना थेट इजा करतो, शिवाय रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब घसरला की यकृताचा रक्तपुरवठाही कमी होतो, आणि ही दुसरी इजा वेळीच सलाईन दिल्याने बरीचशी टाळता येते.

घरी सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटवर असते, याची मला खरोखर काळजी वाटते. कारण पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास प्लेटलेट कितीही असोत, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायला हवे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे, कारण जादा मात्रा यकृतालाच घातक ठरते; आयब्युप्रोफेन व ॲस्पिरिन रक्तस्रावाच्या धोक्यामुळे देऊ नये.