सायकल भिंतीशी, पार्सले कार्यालयात

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय ४७ वर्षे, नोकरी बँकेत. दीड वर्षापूर्वी काकांच्या पश्चात त्यांची रॅले सायकल माझ्याकडे आली. २८ इंची चाके, रॉडचे ब्रेक, ३ गिअर, आणि मागच्या हबवर 'एडब्ल्यू' या अक्षरांपाशी ५४ हा आकडा. काकांनी तिचे तेलपाणी शेवटपर्यंत केले होते, त्यामुळे ती आली तेव्हा चालत होती, हे कबूल केले पाहिजे. सीटचे चामडे मात्र रिव्हेटपाशी फाटले होते, म्हणून मी इंग्लंडहून ब्रुक्सची नवी सीट मागवली (११,५०० रुपये). त्या तपकिरी सीटपुढे हँडलच्या काळ्या मुठी विजोड दिसू लागल्या, म्हणून चामडी मुठी घेतल्या (३,२००). मग पितळी घंटी (१,९००), जुन्या घाटाचा एलईडी दिवा (२,६००), मलईच्या रंगाचे टायर (जोडी ४,४००), रबरी पॅडल (१,८००) आणि फ्रेमला अडकवायचा पंप (१,६००) आला. गिअर मध्येच सुटून पॅडल मोकळे फिरत असे, म्हणून गिअरचा नवा खटका (२,७००) आणि केबल (९००) बसवली. टपाल आणि सीमाशुल्क मिळून ४,१५०. सगळ्याची बेरीज ३४,७५० रुपये झाली, आणि गिअर अजूनही सुटतोच.

आता क्रँकमधून प्रत्येक फेरीला 'कट' असा आवाज येतो आणि पावसात ब्रेक लागत नाहीत. एका दुकानदाराने बंद बेअरिंगचा नवा एक्सल, ॲल्युमिनियमच्या रिम आणि नव्या पद्धतीचे ब्रेक सुचवले असून १४,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. पत्नी म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिचे बोलणे नको म्हणून पार्सले मी बँकेच्या पत्त्यावर मागवू लागलो आहे. सायकलवरून पन्हाळ्याला जायचे फार मनात होते. प्रत्यक्षात गेल्या आठ महिन्यांत चार वेळा रंकाळ्यापर्यंत गेलो असेन. झालेला खर्च वाया गेला का, आणि पुढचा करावा का?

उत्तर : आपल्या यादीतून सीट बाजूला काढली, तर उरलेल्या ८ वस्तूंची सरासरी किंमत २,४०० रुपयांच्याही आत येते. सीट घेताना आपण नक्कीच चार दिवस विचार केला असेल, घरात बोललाही असाल. घंटी घेताना तसे केले नसणार, कारण एवढ्याशा रकमेसाठी कोणी घरात बैठक बोलावत नाही. म्हणजे ११,५०० रुपयांवर विचार झाला आणि १९,१०० रुपये विचार न होता गेले. बँकेतील माणसाला हे अधिक सांगायला नको.

तरीही सगळा खर्च एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. फाटलेली सीट ही सायकलची तक्रार होती आणि ती आपण दूर केली. रात्री फिरणार असाल तर दिव्याबद्दलही माझी हरकत नाही. मुठी, घंटी, टायर आणि पॅडल या मात्र डोळ्यांच्या तक्रारी होत्या, आणि डोळ्यांची तक्रार एका वस्तूने कधीच मिटत नाही, कारण नवी वस्तू शेजारच्या जुन्या वस्तूला आणखी जुनी करते. मुठींचा उगम सीटमध्ये आहे हे आपणच लिहिले आहे. घंटीचा उगम मुठींमध्ये असणार, असा माझा अंदाज आहे.

गिअरची गोष्ट वेगळी आहे. ती तक्रार खरी होती, औषध चुकले. स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यू हबमध्ये (गिअर याच हबच्या पोटात असतात) दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये अशी एक जागा असते, की केबलचा ताण थोडा चुकला तरी पॅडल मोकळे फिरते. उभे राहून पॅडल मारणारा माणूस अशा वेळी तोंडावर पडू शकतो, त्यामुळे हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पण त्यासाठी पैसे लागत नाहीत. खटका मधल्या गिअरवर ठेवावा आणि मागच्या चाकाच्या उजव्या नटाला असलेल्या भोकातून आत पाहावे. बारीक साखळी जिला जोडलेली असते ती सळी तिथे दिसते. तिचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत येईल इतकाच केबलचा ताण ठेवावा, आणि त्यासाठी साखळीवरची बारीक नळीसारखी चकती फिरवून मागचा छोटा नट आवळावा. हबच्या तेलाच्या भोकात शिलाई मशिनच्या तेलाचे काही थेंब सोडावेत. एवढे करूनही गिअर सुटला तरच हब उघडण्याचा विचार करावा. ५४ हा आकडा म्हणजे हबचे साल, १९५४. इतकी वर्षे चाललेले यंत्र खटक्याच्या जुनेपणामुळे रुसत नाही.

क्रँकच्या 'कट' आवाजाचेही तसेच. प्रत्येक फेरीला एकदा, ठरावीक जागी येणारा आवाज बहुतेक वेळा सैल झालेल्या कॉटर पिनचा, म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणाऱ्या खिळीचा असतो, आणि ही पिन आपल्याकडे किरकोळ किमतीला मिळते. ती बसवण्यात मात्र कसब आहे. पिनेचा सपाट भाग कानसून एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेल असा करावा लागतो, आणि क्रँकला खालून भक्कम आधार न देता हातोडा मारला तर तो मार छर्ऱ्यांवर आणि कपावर जातो. वाइसमध्ये धरून दाबून बसवली तर उत्तम. पहिल्या दोन-तीन फेरफटक्यांनंतर नट पुन्हा आवळावा. दुकानदाराने सुचवलेला बंद बेअरिंगचा एक्सल घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की रॅले कंपनी आपल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात या जागी इंचाला २६ आटे पाडत असे, तर बाजारात सर्रास मिळणारा माल २४ आट्यांचा असतो. तो बसत नाही हे दिसल्यावर कोणीतरी 'उद्यमनगरात नेऊन आटे पाडून घेऊ' असे म्हणेल, आणि तिथले टर्नर इतके कुशल आहेत की ते काम तासाभरात होईलही. तिथल्या कारागिरांबद्दल मला नितांत आदर आहे. पण फ्रेममधले मूळ आटे एकदा कापले, की जगातला कोणताही टर्नर ते परत आणून देऊ शकत नाही.

ब्रेकच्या बाबतीत दुकानदार अर्धा बरोबर आहे. क्रोम केलेल्या पोलादी रिमवर पाणी असले की रबर घसरते, आणि जून ते सप्टेंबर या काळातल्या कोल्हापुरात हा पुस्तकी मुद्दा राहत नाही. पण त्याने सुचवलेला बदल कुठवर जाईल ते पाहा. रॉडचे ब्रेक रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगाला दाबतात. नव्या पद्धतीचे ब्रेक रिमच्या कडेला दाबतात. म्हणून रिम बदलायला हव्यात. त्या काळच्या ब्रिटिश प्रथेप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. ॲल्युमिनियमच्या रिमना मात्र बहुधा ३२ किंवा ३६ भोके असतात, म्हणून मागचा हब बदलावा लागेल, म्हणजे १९५४ सालचा गिअर गेला. नव्या ब्रेकना केबल हवी, केबलला वेगळे लिव्हर हवेत, आणि जुन्या हँडलवर रॉडच्या ब्रेकची मूठ हँडलचाच भाग असल्यामुळे हँडलही गेले. १४,००० रुपयांचा अंदाज या साखळीच्या पहिल्या कडीचा आहे. शेवटी उरेल ती काकांच्या सायकलच्या रंगाची एक फ्रेम.

त्याऐवजी चाकांचा आउट काढून घ्यावा, चारही ब्रेकरबर नवे बसवावेत, ते रिमला पूर्ण लांबीने टेकतात का ते पाहावे, आणि रॉडचे सांधे जिथे खिळखिळे झाले असतील तिथे नट-बोल्ट बदलावेत. पावसात थांबायच्या जागेच्या बरेच आधी ब्रेक हलके धरून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे. एवढ्याने ती मोटारसायकलसारखी थांबणार नाही; तिला तेवढे अंतर द्यावे लागते, आणि काकांनी ते दिलेच असणार.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण खर्चाचे मूळ मला इथे दिसते. युरोपात रॉडब्रेकच्या सायकली रस्त्यावरून जवळजवळ गेल्या, त्यामुळे तिथे त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले आणि हौशी मंडळी त्यांना दुर्मीळ वस्तूची किंमत देतात. आपल्याकडे ही जात मोडलेली नाही. रॅलेच्याच भागीदारीतून आसनसोलला कारखाना उभा राहिला, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, लुधियानात हिरो आणि सोनीपतला ॲटलस निघाली, आणि याच घाटाची काळी सायकल आजही आपल्याकडे दूधवाल्याच्या किटल्या वाहताना दिसते. म्हणून २८ इंची टायर, रॉडचे ब्रेकरबर, कॉटर पिन, छर्रे या वस्तू साध्या सायकल दुकानात साध्या भावाने मिळतात. आपण परदेशातल्या हौशी लोकांची आवड उचललीत आणि तिच्याबरोबर त्यांची टंचाईही विकत घेतलीत. मलईच्या रंगाच्या टायरांचे पहिल्या पावसात काय झाले, हे आपण लिहिलेले नाही. मी विचारत नाही.

चामड्याचेही तेच. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. ब्रुक्सच्या सीटचे चामडेही वनस्पतीच्याच कमावणीचे असते. चपलांच्या बाजाराची पापाची तिकटी हाकेच्या अंतरावर असताना मुठींसाठी परदेशी ३,२०० रुपये देणे मला पटलेले नाही. तिथला एखादा कारागीर जुन्या मुठींवर चामडे शिवून देऊ शकला असता. सीट मात्र आता जपा, आणि कशी जपायची हे कोल्हापूरकराला शिकवावे लागू नये. भिजली तर उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नये, सावलीत वाळू द्यावी, मेण-चरबीचा पातळ हात अधूनमधून द्यावा, आणि सैल वाटली म्हणून पुढचा नट घाईने आवळू नये. आवळायचाच तर एका वेळी पाव फेरी.

एक खर्च मी स्वतःहून सुचवतो. पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि वाघबिळाच्या चढाला आपला सध्याचा गिअर जड पडेल. अशा सायकलींना पुढे बहुधा ४६ आणि मागे १८ दाते असतात. आपले मोजून घ्या. या जोडीत मधल्या गिअरला पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.६ मीटर जाते, आणि एडब्ल्यूचा पहिला गिअर त्याच्या तीन चतुर्थांश असल्यामुळे तो ४.२ मीटरचा होतो. मागे २२ दात्यांचे चक्र बसवले तर मधला गिअर ४.६ आणि पहिला सुमारे ३.५ मीटरचा होईल, तर तिसरा ६.१ मीटर म्हणजे सपाट रस्त्याला पुरेसा राहील. चक्र हबवर आट्यांनी बसते की तीन खाचांनी, हे आधी पाहून घ्यावे. चेन दोन-तीन कड्यांनी वाढवावी लागेल, आणि चेनकव्हर पूर्ण बंद असल्यास आतली जागा मोजावी. आपल्या यादीतील सर्व वस्तूंनी मिळून पन्हाळा जितका जवळ आणला नाही, तितका हे एक चक्र आणील.

यापुढे काहीही मागवण्यापूर्वी एक छोटी वही सायकलच्या पिशवीत ठेवावी आणि प्रत्यक्ष चालवताना जे खुपेल तेच तिच्यात तारखेसह लिहावे. घरी बसून, फोनवर चित्रे पाहताना सुचलेले लिहू नये. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत तीनदा आली, तर आधी दुरुस्ती आणि दुरुस्तीने भागले नाही तर खरेदी, असा क्रम ठेवावा. आठ महिन्यांत चार फेऱ्या या गतीने आपल्याला जवळजवळ सहा महिने काही घ्यावे लागणार नाही.

पत्नीच्या म्हणीबद्दल एवढेच सांगतो, की मसाल्याच्या किमतीवर त्यांचा आक्षेप आहे असे आपण धरून चालला आहात. मला वाटते कोंबडी अजून शिजलीच नाही, ही त्यांची तक्रार आहे. कार्यालयात येणारी पार्सले मात्र बंद करा. तीस हजारांचा खर्च घरात सांगता येतो. लपवलेली दोन हजारांची घंटी सांगायला फार जड जाते, आणि ती वाजते तेव्हा सगळ्यांना ऐकूही येते.

प्रश्न : वडिलांची हर्क्युलिस सायकल पावडर कोटिंग आणि रिमना नवे क्रोम करून 'नवीकोरी' करायची आहे. ६,००० रुपयांत होईल असे सांगितले आहे. एवढा खर्च योग्य आहे का? (राजारामपुरी)

उत्तर : रक्कम फार नाही, हानी फार आहे. कोटिंगपूर्वी वाळूच्या माऱ्याने जुना रंग उतरवतात, आणि त्याबरोबर फ्रेमवरची छापील चिन्हे आणि सोनेरी रेघाही जातात. त्या परत येत नाहीत. क्रोमसाठी सगळ्या तारा सोडून चाके पुन्हा विणावी लागतात, आणि गंजाने आधीच पातळ झालेली रिम घासून आणखी पातळ होते. तो मजुरीचा भाग आपल्या अंदाजपत्रकात आहे का, हे विचारून पाहा. तूर्त साबणाच्या पाण्याने धुवावी, आणि क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासावा. रविवारची एक सकाळ पुरेल. त्यानंतरही कोटिंग करावेसे वाटले, तर वडिलांना विचारून करावे.

प्रश्न : दुरुस्तीला गेलो की प्रत्येक वेळी चेन, पुढचे चक्र आणि फ्रीव्हील 'सेटच बदला' असे सांगतात. खरोखर गरज आहे हे कसे ओळखावे? (शाहूपुरी)

उत्तर : पोलादी मोजपट्टीने. नव्या चेनच्या एका पिनेपासून २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर असते. चेन ताणून धरून मोजावी. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली असेल तर फक्त चेन बदलावी. पूर्ण एक सूत वाढली असेल तर दातेही झिजले असण्याची शक्यता आहे, मग सेटचा विचार करावा. १२ इंचच भरली, तर दुकानदाराला तेल घालायला सांगावे.